हावड्याचा पूल आणि बिबड्यांचं ऊन

रविवार, अमळनेर

आत्याचे यजमान भुसावळला रेल्वेत होते. त्यामुळे आमच्या खटल्यात सुट्टीत हौसेनं फिरायला जाणारं घर ते एकच. बाकीच्यांचा प्रवास म्हणजे लग्न, दहावं नाहीतर सप्तशृंगीचा गड. पास निघाला की दोघं मुंबई नाहीतर थेट हावडा गाठायची आणि तिथून आजीकडे चित्राचं कार्ड यायचं. आज दुपारभर ती कार्डं बघत बसले.

चित्रं भडक. हावड्याच्या पुलावरचं आभाळ तर नीळ सांडल्यासारखं. पण मागे पुलाबद्दल एकच ओळ, ‘पूल पाहिला, फार मोठा आहे.’ लगेच पुढे, ‘बिबड्यांना ऊन दाखवलं का? म्हैस व्याली का? कपाशीचे पैसे आले असल्यास दादांनी आधी सोसायटीचे भरावे.’ उभी हुगळीकाठी, आणि बाईचं सगळं लक्ष आमच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर वाळणाऱ्या त्या ज्वारीच्या पापडांवर!

तिकिटं कुणीतरी संग्रहासाठी सोलून नेलीत. शिक्का अर्धाच उरलाय, साल लागत नाही. पत्त्यात पिनकोड नाही. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणून कार्ड त्याआधीचं म्हणावं, तर आमच्याकडे मु. पो. आणि तालुका लिहिला की झालं, असं पुढेही कितीतरी वर्षं चालायचं. पत्रं पोचायचीही.

आजीला अक्षरओळख नव्हती. पोस्टमनदादा ओट्यावर बसून कार्ड मोठ्यानं वाचायचे आणि गल्ली ऐकायची. १८७९ मध्ये आपल्याकडे पाव आण्याचं कार्ड निघालं तेव्हापासून हे असंच: स्वस्त, पण उघडं. म्हणून आत्याच्या कार्डांत सासरबद्दल अवाक्षर नाही, कायम ‘इकडील सर्व क्षेम’. फक्त पुलाच्या कार्डावर, कडेला उभ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंय, ‘आखाजीला मुराळी लवकर पाठवावा. बाकीचं समक्ष.’

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आणि सणाला लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो मुराळी. म्हणजे आमचे पप्पा, तेव्हा शाळकरी. संध्याकाळी त्यांना विचारलं, आत्या घरी आल्यावर काय बोलली हो?

‘मला काय माहीत! मी झोका बांधायला पळालो. बायांचं आत दार लावून चाललं होतं.’ चहा संपवून म्हणाले, ‘त्या साली मात्र आखाजी होऊन महिना झाला तरी ती गेली नाही. पाहुणे दोनदा न्यायला येऊन तसेच परत गेले.’