चिठ्ठी मीच दिली होती

मी अंगणवाडी सेविका आहे, पांढरकवड्याकडच्या भागात, आणि आमच्या भागाच्या मतदार यादीचं काम पाहणारी बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, पण मीच. ही गोष्ट २० नोव्हेंबर २०२४ ची, विधानसभेच्या मतदानाची. त्यानंतर किती निवडणुकीची कामं केली, पण ते सकाळचे साडेनऊ काही डोक्यातून जात नाहीत.

मतदानाच्या दिवशी बीएलओ आत नसते, शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून अक्षरवार यादी घेऊन बसते आणि लोकांना अनुक्रमांक शोधून देते. त्या दिवशी साडेनऊपर्यंत तीन बाया रेशन कार्ड घेऊन आल्या होत्या. वोटर कार्ड नसलं तर दुसरे १२ पुरावे चालतात, आधार, फोटो असलेलं पासबुक, नरेगाचं जॉब कार्ड, पण रेशन कार्ड त्यात नाही. आणि ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांची जॉब कार्डं रोजगार सेवकाच्या घरी गठ्ठ्यात बांधून असतात, हे वर बसलेल्यांना कोण सांगणार. वरून वेचणीचे दिवस. मतदानाची भरपगारी सुट्टी कागदावर असते, कापूस किलोवर वेचला जातो, बाई तासभर रांगेत उभी राहिली की तेवढी मजुरी गेलीच.

कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, एक आजी आली, साठीच्या पुढची, कमरेला कापूस वेचायची झोळी, ओटा, बांधलेलाच. हातात वोटर कार्ड आणि मी पाच-सहा दिवसांआधी दिलेली मतदार चिठ्ठी. मी नंबर पाहून आत पाठवलं. दोन मिनिटांत एक नंबरच्या मतदान अधिकाऱ्यानं मला हाक मारली. चिठ्ठीवरच्या अनुक्रमांकापुढे यादीत फोटो दुसऱ्याच बाईचा. कार्डावरचा नंबर पण वेगळा. मग कार्डाच्या नंबरवरून शोधलं तर आजीची नोंद सापडली, तिच्या चौकटीवर तिरपं छापलेलं, डिलीटेड. आणि वगळलेल्यांच्या पुरवणी यादीत तिच्या नावापुढे एक अक्षर, ई. ई म्हणजे एक्स्पायर्ड, मयत.

तो नमुना ७, नाव वगळायचा फॉर्म, मी भरला होता.

पोडात दोघी होत्या, चुलत जावा. दोघींचं नाव सारखं, आडनाव सारखं, आणि दोघींच्या नवऱ्यांना एकाच आज्याचं नाव ठेवलेलं. घरांना नंबर नाहीत, यादीत सगळ्यांपुढे शून्य. त्यातली एक पावसाळ्यात वारली. ग्रुपवर रोज मेसेज, मयत नावं क्लिअर करा, पेंडन्सी शून्य पाहिजे, आणि इकडे पोषण आहार, वजनं, ट्रॅकरमध्ये एंट्री, सगळं तसंच डोक्यावर. ॲपमध्ये नाव टाकलं तर दोन नोंदी आल्या, दोन्ही फोटो काळपट, दोन्हीत डोक्यावर पदर. खात्री करायला मी गेले होते, गेले नाही असं नाही. पण ज्या घरी गेले ते या आजीचं होतं. दाराला कडी. शेजारच्या पोरीला विचारलं, आजी गेली ना गं? ती म्हणाली, हाओ, गेली. ती वेचायला गेली म्हणत होती. पोडात रेंज नाही, पाण्याच्या टाकीजवळ टेकडीवर जाऊन मी फॉर्म सबमिट केला आणि एक काम झालं म्हणून घरी आले.

मयताचा दाखला कोणी मागितला नाही. वरच्या कोणी फोटो मोठा करून पाहिला नाही. पुरवणी यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, पोड तिथून तीन किलोमीटर, आणि आजीला वाचता येत नाही. मग चिठ्ठ्या आल्या, त्यावर आता फोटो नसतो, मयत बाईची चिठ्ठी नाव पाहून मी हिलाच दिली. तेव्हा फक्त कार्डाचा नंबर ताडून पाहिला असता तरी कळलं असतं. अर्थात नाव जोडायची मुदत तेव्हा निघून गेली होती, पण निदान तिचा दिवस मोडला नसता.

केंद्राध्यक्ष सर चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, नोंदीत छपाईची, लिहिण्याची बारीक चूक असली तर मी सोडून देतो, पण बाई त्याच नोंदीतली पाहिजे. मी विचारलं, प्रदत्त मत, ते वेगळ्या कागदी मतपत्रिकेवरचं? म्हणाले, ते तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तरच, नाव वगळलं असेल तर नाही. तेवढ्यात एक पोलिंग एजंट म्हणाला, सर, तिचं आधार घ्या, त्या मयत बाईच्या नोंदीशी नाव नवरा सगळं जुळते, टाकू द्या न बिचारीले, आमची कोणाची हरकत नाही. बाकीच्या एजंटांनीही माना हलवल्या. सर नाही म्हणाले. खरं सांगते, सरांनी तिकडे पाहू नये असं मला फार वाटलं. गावातली एक बाई वारली, एक मत कमी व्हायचं होतं, एवढंच झालं असतं. पण ते तोतया मतदानच, हे मलाही कळत होतं, आणि उद्या तीच सवड कोणी दुसऱ्या कामाला वापरली असती तर.

आजी एवढा वेळ ऐकत होती. मला म्हणाली, "बाई, मी त जिती हाय न वं?" मी म्हटलं, माय, चूक माझी झाली. ती एजंटाकडे पाहून म्हणाली, "मले माह्या फोटोवर टाकाचं हाय. तिच्या नाही." आणि कार्ड प्लास्टिकमध्ये घालून निघाली. पोडातल्या बाकी बाया झाडाखाली बोटावरची शाई वाळवत उभ्या होत्या, ती त्यांच्यासोबत वावराकडे गेली.

डिसेंबरमध्ये तिचं नाव जोडायला नमुना ६ भरला. अठरा वर्षांच्या पोराचा भरतात तोच फॉर्म, जन्मतारखेसकट. नाव आलं तेव्हा नव्या यादीची झेरॉक्स घेऊन तिच्या घरी गेले आणि फोटोवर तिचं बोट ठेवून दाखवलं.

वारलेल्या बाईचा नमुना ७ मात्र राहिला होता. त्यासाठी पहाटे सहाला गेले, वेचणीला निघायच्या आधी. तिच्या पोराला समोर बसवलं. त्यानं पत्र्याच्या पेटीतून आईचं कार्ड काढून दिलं. तीन अक्षरं, सात आकडे. मी मोठ्यानं वाचले, त्यानं ॲपमधले वाचले, दोनदा.