तुम्ही विचारलंत म्हणून: जवान बाईचं ऐकायचे का?

दर येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात कडब्याच्या कोपीपुढं भज्जी-आंबिलीवर सगळे बसले की कुणीतरी विचारतंच, "आत्या, आर्मीतले जवान बाईचं ऐकायचे का हो?" मी मिलिटरी नर्सिंगमधून रिटायर झाले, कारगिलच्या वेळी म्हणजे 1999 ला काश्मीरात एका मिलिटरी हॉस्पिटलात होते, खांद्यावर कॅप्टनचे तीन स्टार. तरी आधी कुणीतरी "म्हणजे नर्सच ना" म्हणून घेतंच, मग प्रश्न.

तर ऐकायचे.

औसा तालुक्यातलं एक पोरगं होतं, सुरुंगावर पाय पडून गुडघ्याखालून गेलेला. मी बेडपॅन घेऊन गेले तर भिंतीकडं तोंड करून पडला, हिंदीत म्हणतो, सिस्टर, किसी आदमी को भेजो. मी आपल्या बोलीत दटावलं, गप पड, थोरल्या बहिणीनं केलं नसतं का? तसा चमकला, "ताई, तुमी लातूरकडल्या का?" तिथून पुढं ड्रेसिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू देईना, दात आवळून पडायचा आणि मधेच विचारायचा, ताई कारळ्याची चटणी मिळंल का हितं.

त्रास झाला तो भलतीकडूनच. मेसमध्ये एक साहेब 'सिस्टर' अशा सुरात म्हणायचे की खांद्यावरचे स्टार त्यांना दिसतच नसावेत. सुट्टीवर आले की स्थळं यायची, एका मुलाच्या वडलांनी बाबांना तोंडावर सांगितलं, पोरगी परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावती, आमच्यात चालायचं नाही. त्यांच्याच थोरल्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा वॉर्डात काय सगळे बापे नर्स होते का, हे काय बाबांना सुचलं नाही.

आणि हे आपल्याकडंच आहे असंही नाही. 309 शत्रू टिपलेली सोव्हिएत स्नायपर ल्युडमिला पावलिचेन्को 1942 ला अमेरिकेत गेली तर तिथले पत्रकार तिला आघाडीवरच्या मेकअपचं विचारत बसले. माझ्या मामीनं मला विचारलेलं, तिकडं टिकली चालती का. मामीचं मी मनावर घेतलं नाही, तिनं निदान प्रेमानं विचारलं.

पण लई राग आला तो परमनंट कमिशनच्या केसच्या वेळी, म्हणजे आर्मीतल्या बाई ऑफिसरांनाही पुरुषांसारखं रिटायर होईस्तोवर नोकरीत ठेवा, या मागणीच्या. ती केस आमच्या नर्सिंगची नव्हती, तरी. सुप्रीम कोर्टात सरकारकडून मांडलं गेलं की जवान बहुतेक खेड्यातले, बाईच्या हुकमाखाली काम करायची त्यांच्या मनाची तयारी नाही. कोर्टानं 17 फेब्रुवारी 2020 ला ते काही मानलं नाही, बरं झालं. अहो त्याच कारगिलमध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन चीता हेलिकॉप्टर उडवत होत्या, आणि बाई पायलट आहे म्हणून कुणी जखमी जवान खाली उतरला असं काय माझ्या ऐकण्यात नाही. आपली अडचण खेड्यातल्या पोराच्या नावावर खपवायची, ही कुठली रीत?

त्या पोरासाठी मी आईला पत्र टाकून चटणी मागवली. पार्सल पोचलं तोवर त्याला पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरला हलवलेलं. मग नाइट ड्युटीला आम्हीच ब्रेडला लावून संपवली, केरळच्या एका सिस्टरच्या डोळ्यातून पाणी आलं तिखटानं.