मायचं खुब्याचं ऑपरेशन, प्रोटीनचा हिशोब आणि घरात परत आलेली अंडी (माझा अनुभव)

मागच्या हिवाळ्यात माय बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं, ते नीट पार पडलं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मला लिहायचंय ते घरी आणल्यानंतरच्या महिन्यांबद्दल, कारण ज्यांच्या घरी असं म्हातारं माणूस पडून आहे आणि "काही खातच नाही हो" असं चाललंय त्यांना कदाचित उपयोग होईल.

डिस्चार्जच्या दिवशी डाएटिशियन मॅडमनी समोर बसवून सांगितलं की या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान एक ग्रॅम प्रोटीन रोज पोटात गेलं पाहिजे, आणि ऑपरेशननंतर त्याहून थोडं जास्तच, नाहीतर हाड जुळतं पण पायात ताकदच येत नाही, माणूस वॉकर सोडत नाही. मायचं वजन पन्नासच्या आसपास. म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. घरी येऊन मी वहीत हिशोब मांडला. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी अर्धी भाकरी नि पातळ वरण, रात्री खिचडी दोन घास, झोपताना अर्धा कप दूध. कसंही ओढूनताणून मोजलं तरी वीस-पंचवीसच्या वर आकडा जाईना. पावडरचा डबा आणला तर म्हणे पिठासारखं लागतं. डाळ वाढवली तर पोट फुगतं. राहिलं अंडं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन, चावायला मऊ, दात नसले तरी चालतं, पचायला हलकं आणि आमच्या गल्लीच्या किराणा दुकानात सुद्धा मिळतं.

पण माय ऐकेल तर ना. "माले नको वं बाई, वास येस त्याना." हे पहिलं. दुसरं म्हणजे उष्ण पडतं. तिसरं, आबांना हार्टचा त्रास झाला होता तेव्हापासून आमच्या घरात अंडं जवळजवळ बंदच झालं होतं, त्यामुळे कोलेस्टेरॉलची भीती तिच्या मनात पक्की बसलेली.

आता गंमत बघा, हीच माय कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी वाढलेली. तिचं माहेर दोंडाईच्याजवळचं, घरामागे मोठ्या मायच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, गावरान कोंबड्या असायच्या आणि आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम काय तर गोवऱ्यांच्या ढिगामागे, कडब्यात, जुन्या डालग्यात हात घालून अंडी शोधायची. गरम अंडं हातात आलं की जो आनंद व्हायचा तो मला अजून आठवतो. एखादी कोंबडी खुडूक बसली की मोठी माय तिच्याखाली अंडी ठेवायची आणि भिंतीवर कोळशाने रेघा मारायची, एकवीस दिवस झाले की पिल्लं. मधे एकदा रात्री बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरून बघायची, आत लाल शिरा दिसल्या तर परत कोंबडीखाली, नाही दिसल्या तर बाजूला. आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो. आणि रात्री चुलीवर अंड्यांचा रस्सा, कांदा निखाऱ्यात भाजलेला, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला, सगळं पाट्यावर वाटलेलं. अंडी आधी उकडायची नाहीत, उकळत्या रश्श्यात सरळ फोडून सोडायची. माय तो रस्सा भाकरी चुरून खायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मला खात्री होती की तिला अंडं नकोसं नाहीये, तिला आजाऱ्याचं अंडं नकोसं आहे. मी वासापासून सुरुवात केली.

आमच्याकडे (आणि बहुतेक घरांत) अंडी गॅसवर ठेवली की बाकीची कामं होईपर्यंत ती उकळतच राहतात. जास्त वेळ उकळलं की पांढऱ्या भागातून गंधकाचा वायू सुटतो, तोच तो वास, आणि पिवळ्यातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. ते खाल्लं तर काही होत नाही पण वास आणि चव जाते. मी पाण्याला उकळी आल्यावर अंडी सोडायला लागले, घड्याळ लावून नऊ-दहा मिनिटं, की लगेच माठाच्या गार पाण्यात. कडं गेलं आणि वासही जवळजवळ गेला. अजून एक, उकडायला अगदी ताजी अंडी घेऊ नका, साल चिकटून बसतं आणि पांढरा भाग सोबत निघतो, चार-आठ दिवसांची अंडी छान सोलली जातात. भांड्यांचा वास राहतो म्हणतात त्यांनी आधी गार पाण्याने भांडं विसळावं, गरम पाणी टाकलं की अंडं भांड्यालाच शिजून बसतं, मग लिंबाची साल फिरवायची.

कोलेस्टेरॉलचं मी अंदाजाने नाही केलं, फिजिशियनना सरळ विचारलं. त्यांनी रिपोर्ट बघून दोन अंडी पिवळ्यासकट चालतील म्हणून सांगितलं. एका अंड्यात पावणेदोनशे-एकशेनव्वद मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण बहुतेक लोकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तूप-वनस्पती-तळणातल्या फॅटने जास्त वाढतं. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये रोज 300 मिलिग्रॅमची जी मर्यादा होती ती 2015 मध्ये काढली. ज्यांना शुगर आहे, हार्टचा त्रास आहे त्यांनी मात्र आपल्याच डॉक्टरांना विचारा, माझ्या मायचा आकडा तुमच्या घरी लावू नका. आणि कृपा करून पिवळं फेकून देऊ नका, अंड्यातलं जवळजवळ निम्मं प्रोटीन आणि बी12, ए, डी असं सगळं तिथेच असतं. डी मात्र थोडंच असतं, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या-पावडर चालूच ठेवायची.

मधेच मामा भेटायला आला आणि म्हणाला, कच्चं अंडं दुधात फेटून दे, तालमीत आम्ही तेच प्यायचो. मामाचा मान राखून मी नाहीच दिलं. कच्च्यातून साल्मोनेलाचं इन्फेक्शन होऊ शकतं, म्हातारपणी ते झेपत नाही, आणि शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन शरीराला कच्च्यापेक्षा जास्त मिळतं. बर्ड फ्लूचा विषयही त्यानेच काढला, 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये देशातला पहिला उद्रेक झाला तेव्हा आपल्याकडे किती दिवस कोणी अंड्याला हात लावत नव्हतं, 2021 मध्ये परत तेच. भीती साहजिक आहे. पण तेव्हाही सांगत होते ते हेच की पूर्ण शिजवून खा.

मग एका संध्याकाळी मी मोठ्या मायचा रस्सा केला. मिक्सरवर वाटला, तेल दोनच चमचे, तिखट कमी, आणि तर्री नाही तर रस्सा कसला असं मायने म्हणू नये म्हणून मसाला तेलात मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतला. घट्टपणासाठी थोडं डाळवं वाटून टाकलं. रस्सा उकळला की एकेक अंडं आधी वाटीत फोडायचं, वाटी रश्श्याला टेकवून हळूच सोडायचं, झाकण ठेवून गॅस बारीक. ढवळायचं अजिबात नाही. पाच-सहा मिनिटांत पांढरा भाग पिवळ्याला पांघरूण घातल्यासारखा गुंडाळून बसतो, पिवळं पूर्ण बसेपर्यंत थांबायचं. मायने ताटात बघितलं, काही बोलली नाही, भाकरी चुरली. खाऊन झाल्यावर एवढंच म्हणाली, "खोबरं अजून भाजनं पडी."

त्यानंतर सोपं झालं. रोज रस्सा नाही, कंटाळा येतो. रात्रीचं वांग्याचं भरीत उरलं की सकाळी कांद्याच्या पातीसोबत तव्यावर टाकून त्यात दोन अंडी फोडायची, इतकी सुंदर भुर्जी होते की माझी पोरं आता मुद्दाम भरीत उरवायला सांगतात. ज्वारीच्या पिठाच्या धिरड्यात अंडं फेटून, वरून मेथी. अंड्यात फायबर नसतं, सी व्हिटॅमिनही नसतं, त्यामुळे सोबत भाजी आणि लिंबाची फोड पाहिजेच, पडून असलेल्या माणसाला पोट साफ होणं हा केवढा प्रश्न असतो ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

उन्हाळ्यात उष्ण पडतं म्हणून बंद करायची वेळ आली तेव्हा मी फक्त वेळ बदलली, दुपारऐवजी सकाळी, सोबत ताक. आपल्याकडचा मे महिना म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस, तेव्हा अंडी बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्येच ठेवा. आणून लगेच धुवूनही ठेवू नका, सालावरचा नैसर्गिक थर जातो आणि लवकर खराब होतात, वापरायच्या वेळी धुवा. शंका आली तर पाण्यात सोडून बघा, आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर लवकर संपवा, तरंगलं तर फेका. उन्हाळ्यात मागणी कमी म्हणून ट्रेमागे भावही बरा पडतो.

माय आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येते. फिजिओथेरपीचा वाटा मोठा आहे, तो मी अंड्याच्या खात्यात टाकणार नाही, पण व्यायाम करायला अंगात बळ लागतं ते खाण्यातून आलं हे मी रोज बघितलंय. सध्या श्रावण लागलाय, घरात कानबाई (आमच्या खान्देशातली देवी, श्रावणात घरी बसवतात) बसणार, त्यामुळे अंडी बंद. वहीतला आकडा भरायला पनीर, मोड आलेल्या मठाची उसळ आणि घट्ट दही वाढवलंय, साठला पोचत नाही पण पंचेचाळीसच्या वर राहतो. ट्रे आता पोळा झाल्यावर आणणार, तसं मायनेच सांगून ठेवलंय.