आमची वाटचाल: अँटेनाकडून बॅटरीकडे

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत आमचं काम सुरू झालं ते वायरलेस सेट आणि रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) बसवण्यापासून. आज अग्निशमन, रुग्णवाहिका, आपत्ती नियंत्रण कक्ष यांच्या संपर्क साइट डिझाइन करतो, पण त्यात रेडिओचा वाटा थोडाच. साइट मुकी होते ती बहुधा वीज, पाणी किंवा तुटलेल्या केबलमुळे, म्हणून कामही तिकडेच सरकत गेलं.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली. त्यानंतर ग्राहक बॅटरीचा हिशेब विचारू लागले. तो असा: रिपीटर, लिंक (साइटला बाकी जाळ्याशी जोडणारा दुवा), राउटर मिळून ४८ व्होल्टवर २० अँपिअर. आठ तासांना १६० अँपिअर-तास. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची, म्हणून २००. जुनी झाल्यावर क्षमता ८० टक्क्यांवर येते, म्हणून २५०. टेंडरात नुसतं ‘आठ तास बॅकअप’ लिहिलेलं असतं, तापमानाचा उल्लेखही नसतो. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. तेव्हा बॅटरी खोलीचा एसीसुद्धा जनरेटरवर हवा.

जनरेटर ऐन वेळी चालू होत नाही, त्याचं नेहमीचं कारण स्टार्टरची बॅटरी. दुसरं, टाकीतल्या जुन्या डिझेलमध्ये उतरलेलं पाणी. दर आठवड्याला दहा मिनिटं रिकामा फिरवून काही कळत नाही, उलट काजळी साचते.

मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती जुळून आली की इथल्या नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही. लोक उपकरणांचे रॅक पहिल्या मजल्यावर नेतात आणि मीटर, चेंजओव्हर पॅनल (मेनवरून जनरेटरवर वीज वळवणारं) तळमजल्यावरच ठेवतात! आम्ही पॅनलची उंची आधी ठरवतो.

लिंक दोन हव्यात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोन कंपन्यांचे फायबर एकाच चरातून गेले तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. दुसरी लिंक मायक्रोवेव्ह, म्हणजे केबलशिवाय हवेतून जाणारी, घ्यावी. मात्र लांब पल्ल्याला २३ गिगाहर्ट्झ आपल्या पावसात टिकत नाही, ६ ते ८ घ्यावी.

पारसिक डोंगराच्या बाजूला काळा कातळ लागतो, तिथे एका अर्थ पिटने (अर्थिंगचा इलेक्ट्रोड पुरलेला खड्डा) भागत नाही. टॉवरभोवती कड्यासारखी पट्टी फिरवून तिला अनेक इलेक्ट्रोड द्यावे लागतात. टॉवरचं आणि उपकरणांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलंच हवं, नाहीतर वीज पडल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक उपकरणं जाळतो.

देखभाल करारात आता चाचणी आम्ही दरातच धरतो: मेन ब्रेकर पाडायचा, जनरेटर खऱ्या लोडवर अर्धा तास चालवायचा, मग तोही बंद करून बॅटरी बँक ४३.२ व्होल्टवर, म्हणजे रिकामी धरायच्या पातळीवर, यायला किती वेळ लागतो ते नोंदवायचं. अर्थात, दुसरी साइट भार घ्यायला तयार असतानाच.