भोकातली भुकटी

जड वस्तू भिंतीवर टांगायची ठरली की सगळ्यांचं लक्ष आधी स्क्रूकडे जातं. केवढा लांब, केवढा जाड. खरं तर स्क्रू बिचारा क्वचितच तुटतो. तो उपटून येतो आणि येताना भोकात बसवलेल्या प्लास्टिकच्या गिट्टीसकट मूठभर प्लास्टर घेऊन येतो. भिंतीने त्याला नीट धरलेलंच नसतं.

भिंत आतून कसली आहे हे रंगावरून कळत नाही, भोकातल्या भुकटीवरून कळतं. ड्रिलच्या बिटाखाली भिंतीला कागदाची पुडी चिकटवावी आणि सावकाश भोक पाडावं. पहिले 12 ते 20 मिलिमीटर करडी भुकटी पडते, ते प्लास्टर. मग तांबडी आली तर वीट. करडीच राहिली आणि बिट रडतखडत पुढे सरकू लागलं, तर तो बीम किंवा कॉलम. पांढुरकी, मऊ, पिठासारखी भुकटी भरभर यायला लागली की हलका ब्लॉक. आणि बिट थोडं जाऊन एकदम आत धसलं तर जिप्सम बोर्ड, मागे पोकळी.

विटेत नायलॉनची गिट्टी. आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने 1958 साली तिला आजचं रूप दिलं. स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट दाबून बसते. म्हणून 8 मिमीच्या गिट्टीला 8 मिमीचंच बिट लागतं. ड्रिल हलवत राहिलं की भोक साडेआठाचं होतं आणि गिट्टी स्क्रूबरोबर गरगर फिरते. भोक गिट्टीच्या लांबीपेक्षा 10 मिमी खोल हवं, कारण तळाशी भुकटी साचते आणि स्क्रूचं टोकही गिट्टीबाहेर येतं. भुकटी फुंकून काढायचा कंटाळा करू नये. डोळे मात्र मिटून घ्यावेत.

खरी मेख प्लास्टरमध्ये आहे. 40 मिमीची गिट्टी भिंतीच्या पृष्ठभागाशी बसवली आणि प्लास्टर 20 मिमीचं असलं, तर निम्मी गिट्टी कामाचीच नाही. प्लास्टर फुगण्याच्या दाबाने चिरतं, भार पेलत नाही. तिथे लांब गिट्टी घ्यावी, नाहीतर ती विटेपर्यंत आत ठोकून स्क्रू तेवढा लांब घ्यावा. टाइलच्या भिंतीतही हेच: गिट्टी टाइलच्या मागे जाऊ द्यावी, नाहीतर ती फुगताना टाइल तडकते. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे फिरताना ठोके देणं, बंद.

भोकात फाकून बसणारा लोखंडी फास्टनर दणकट दिसतो म्हणून सगळीकडे ठोकण्याचा मोह होतो. काँक्रीटमध्ये तो उत्तम. विटेच्या कडेला तोच पाचरीसारखा वागतो आणि वीट फोडतो. हलक्या ब्लॉकमध्ये हॅमर अजिबात नको. तिथे ब्लॉकसाठीच बनवलेली गिट्टी किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरल्यावर घट्ट होऊन सळई धरून ठेवणारं केमिकल. केमिकल भरण्याआधी भोक फुंकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं. भुकटी राहिली तर केमिकल तिलाच चिकटतं, भिंतीला नाही. जिप्सम बोर्डमागची पत्र्याची पट्टी सापडली तर जड वस्तू तिलाच जोडावी. नसेल तर मागे पंख उघडणारा टॉगल, आणि तोही हलक्या सामानापुरता.

वजन किती, याइतकंच ते भिंतीपासून किती दूर लटकतंय हेही बघावं लागतं. 20 किलोचा टीव्ही पुढे-मागे होणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटवर 40 सेंटिमीटर बाहेर ओढला आणि वरचे स्क्रू ब्रॅकेटच्या खालच्या कडेपासून 20 सेंटिमीटर उंच असले, तर त्या स्क्रूंवर भिंतीतून उपटणारी ओढ साधारण 40 किलोंची होते. मिटवून 8 सेंटिमीटरवर आणला की तीच 8 किलो. त्यामुळे दिवसा गप्प बसलेलं ब्रॅकेट रात्री टीव्ही पलंगाकडे वळवल्यावर कुरकुरतं.

फिरणाऱ्या गिट्टीत काडेपेटीची काडी खुपसण्याचा जुना इलाज कॅलेंडरपुरता ठीक. कपाट किंवा गीझर असेल तर ते भोक बुजवावं आणि चार बोटं बाजूला नवं पाडावं. फक्त स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली नको, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते.