चेहरा न दाखवता सेल्फ-पोर्ट्रेट: नागपूरचं ऊन आणि एक भिंत

एप्रिल-मेमध्ये तोंडाला दुपट्टा गुंडाळून वर गॉगल चढवला की नागपुरात चेहरा आपसूक झाकला जातो. पण त्या फोटोला सेल्फ-पोर्ट्रेट म्हणता येत नाही. बर्डीच्या सिग्नलवर थांबलेल्या निम्म्या गाड्यांवर तीच व्यक्ती बसलेली असते. चेहरा गेला की ओळख बाह्यरेषेवर येऊन पडते. वेणी, खांद्यांचा उतार, उभं राहण्याची ढब. ही रेषा सावलीत सगळ्यांत स्वच्छ उतरते, म्हणून मी सावलीवरच काम करते.

गच्चीवरची पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत मला सोयीची पडते. चुना किंवा फिका डिस्टेंपर चालतो, खरबरीत प्लास्टर नको. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण २० अंशांवर आणि जवळपास थेट पश्चिमेला असतो. तेव्हा भिंतीपासून दीड मीटरवर उभं राहिलं तर डोक्याची सावली खऱ्या उंचीपेक्षा सुमारे ५५ सेंटिमीटर खाली पडते, शरीराचं प्रमाण मात्र फारसं बिघडत नाही. डिसेंबरात तेवढ्याच उंचीवरचा सूर्य नैऋत्येला असतो. त्याच भिंतीवर सावली उत्तरेकडे सरकते आणि सुमारे सव्वापट रुंद होते. अंग जाड दिसतं ते त्यामुळे. मेच्या दुपारी तर प्रयत्नच करू नये. २६ मेच्या आसपास बाराच्या थोडं पुढे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते.

सावलीची कड का पसरते, हे समजून घेतलं की बरीच चिडचिड वाचते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याचं बिंब अर्ध्या अंशाचं आहे. त्यामुळे भिंतीपासूनच्या अंतराच्या साधारण १०८व्या भागाइतकी कड धूसर होते. दीड मीटरवर हा पट्टा १४ मिलिमीटरचा होतो. चष्म्याची काडी त्यात विरघळूनच जाते, बारीक केसही उरत नाहीत. चष्मा दिसायलाच हवा असेल तर मान वळवून डोकं भिंतीपासून अर्ध्या मीटरच्या आत आणावं लागतं. मग स्वतः चौकटीत न येण्यासाठी फोन बाजूला स्टुलावर ठेवून १० सेकंदांचा टायमर लावायचा. (कडेने पडलेल्या सावलीत नाक-हनुवटी उमटते. तो चेहरा झाला की नाही यावर वाद घालता येईल, मला चालतो.)

फोन हातात असेल तर तो डोळ्यांसमोर धरू नका. फोन, हात आणि डोकं यांची मिळून एकच गाठोड्यासारखी सावली पडते. कमरेशी धरावा आणि कोपर इतकं बाहेर काढावं की हात आणि धड यांच्यामधून ऊन दिसेल. ही फट नसली की माणसाचा खांब होतो. शिकागोत आया म्हणून काम केलेल्या छायाचित्रकार विवियन मायर यांची सावलीतली पोर्ट्रेट्स पाहावीत. त्यांचा रोलिफ्लेक्स वरून, खाली बघून वापरायचा कॅमेरा होता, त्यामुळे डोकं मोकळं राहायचं आणि टोपीची कड स्पष्ट उमटायची.

एक्सपोजरमध्ये, म्हणजे फोटो किती उजळ येतो यात, दोन गोष्टी बिघडतात. पांढरी भिंत चौकटभर असली की कॅमेरा तिला करडी करतो; भिंतीच्या उजेडातल्या भागावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करायचं आणि दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर न्यायचं. दुसरी गोष्ट एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक आपोआप कमी करणारी फोनची सोय. अंधारलेले भाग उजळणं हेच त्याचं काम, म्हणजे आपली सावलीच तो फिकी करतो. बंद करावा. काही फोनमध्ये तो पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी प्रो मोड (सेटिंग्ज आपण हाताने ठरवायचा) किंवा रॉ, म्हणजे फोनने फारशी न बदललेली, फाइल घ्यावी. ०.५ची रुंद कोनाची लेन्स टाळावी, कडेला आलेला हात ताणला जातो.

कपड्यांचा रंग इथे बिनमहत्त्वाचा, आकार मात्र महत्त्वाचा. सैल कुर्त्यात कंबर हरवते. ओढणी वाऱ्यावर सोडली तर रेषा जिवंत होते, पण शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद नको.

फोटो कुणाला पाठवण्याआधी फाइलमधलं लोकेशन काढून टाकावं. चेहरा लपवला, पण आपल्या गच्चीचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये तसेच राहिले, असं सहज होतं. शेजारच्या टाकीवर रंगवलेलं नावही एकदा तपासावं.