तुम्ही विचारलंत म्हणून : टॅम परत का आला नाही

मेहुण्याने विचारलं, बॅचमेटने विचारलं, बायको तर दर सुट्टीत एकदा विचारतेच : "तो माणूस कायमचा त्या यानात राहिला, माणसांत आलाच नाही, आणि तुला हा शेवट सुखाचा वाटतो?" खरा प्रश्न वेगळा असतो, तो तोंडाने कोणी विचारत नाही. मी इंजिनीअर आहे, बोटीवर. आलं लक्षात?

तर 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चा 'टिन मॅन' हा भाग, 1990 सालचा. बोटीवर हार्डडिस्क फिरतात, त्यातल्या एकीत तो मला मिळाला. टॅम एलब्रन ज्या बीटाझेड ग्रहाचा, तिथल्या लोकांना दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. पण इतरांना ते वयात येताना ऐकू यायला लागतं, याला जन्मापासून. सगळ्यांचं, सतत, आणि बंद करायची सोय नाही. त्यात घोरुस्डा नावाच्या ग्रहावर 47 माणसं गेली, त्याचा ठपका त्याच्यावर. सबंध एंटरप्राइझवर, म्हणजे मालिकेतल्या मुख्य यानावर, त्याचं जमतं एकट्या डेटाशी, कारण डेटा यंत्रमानव, त्याच्या मनातलं याला ऐकूच येत नाही. दुसरीकडे गोमटू : जिवंत यान, हजारो वर्षांचं. आतली माणसं किरणोत्सर्गाने मेली. मग ते एका फुटायला आलेल्या ताऱ्यापाशी जाऊन थांबलं, मरायला. टॅम डेटाला घेऊन त्याच्यात जातो तो तिथेच राहतो.

पळपुटा, असं मीही म्हणायचो. ज्युनिअर असताना या विषयावर मी मेसमध्ये तावातावाने बोललोय. डेटा परत येतो, म्हणून खरा नायक डेटा, असं माझं म्हणणं होतं. त्या पोराला आज भेटलो तर म्हणेन, आधी अलंगला जाऊन ये.

अलंग भावनगर जिल्ह्यात, खंभातच्या आखातावर. 1983पासून तिथे जहाजं तोडतात. तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणून जहाज उधाणाच्या भरतीला पूर्ण वेगात चिखलावर चढवतात आणि पाणी उतरलं की ते तिथेच राहतं. मी तेव्हा सेकंड इंजिनीअर होतो, चीफ इंजिनीअरच्या हाताखालचा. बोट जुनी बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारी. शेवटच्या फेरीसाठी ती विकली गेली तेव्हा नवीन नावसुद्धा कोणी धड लिहिलं नाही. जुन्या नावातली काही अक्षरं रंगाने बुजवली, उरलं ते नाव.

नांगरावर उधाणाची वाट बघत थांबलो होतो. तेवढ्या दिवसांत आम्ही इंजिन रूम साफ केली. का, ते विचारू नका. पुढचं टोक हलकं राहावं म्हणून बॅलास्ट, म्हणजे तोल राखायला भरलेलं पाणी, मागे घेतलं. मग ब्रिजवरून फुल अहेड, म्हणजे पूर्ण वेगात पुढे, अशी ऑर्डर आली. आमचं इंजिन टू-स्ट्रोक, मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे, थेट शाफ्टला जोडलेलं, त्यामुळे त्याचा ठोका कंट्रोल रूमच्या खुर्चीतूनही पाठीला कळतो. मला वाटलं होतं धक्का बसेल. तसं काही झालं नाही. पुढचा भाग चिखलावर चढू लागला तसा फेऱ्यांचा आकडा उतरत गेला. वेग सांभाळणारा गव्हर्नर तेल वाढवतोय, इंजिन जोर लावतंय, आणि बोट जात नाहीये. टेकडी चढणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखं. कोणी बोलत नव्हतं. मग स्टॉप. मग 'फिनिश्ड विथ इंजिन्स', म्हणजे इंजिनचं काम संपलं.

एरवी बंदरात ही ऑर्डर आली की आमची कामं ठरलेली : बंद इंजिन हळूहळू फिरवत ठेवणारा टर्निंग गिअर लावायचा, लुब ऑइल पंप चालू ठेवायचा, सिलिंडरभोवतीचं जॅकेटचं पाणी गरम ठेवायचं. इंजिन हळूहळू निवलं पाहिजे आणि पुन्हा चालू करायला तयार राहिलं पाहिजे. आमचा मोटरमन, इंजिन रूमचा खलाशी, माझ्याहून वयाने खूप मोठा. तो सवयीने टर्निंग गिअरकडे चालू लागला. चीफ म्हणाले, "राहू दे."

तो थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही वेगळं सांगेन.

तोवर समुद्राच्या पाण्याच्या पंपांची प्रेशर नाचायला लागली होती. सक्शनमधून चिखल येत होता. थंड करायला पाणी नाही, म्हणजे जनरेटर तापणार. ते बंद केले. अंधार झाला, वरचा इमर्जन्सी जनरेटर लागला, चार दिवे आले. ब्लॅकआउट मी पाहिलेत. झोपेतला इंजिनीअरसुद्धा त्या शांततेने उठून जिन्याकडे पळतो. त्या दिवशी पाय उठले आणि जायला कुठेच नव्हतं.

घरी पोचलो. "कशी झाली ट्रिप?" "ठीक." जेवताना मेहुण्याला थोडं सांगितलं तर तो म्हणाला, त्या लोखंडाच्या सळया होतात, तुमच्या स्लॅबमध्येही असेल थोडं. सळया होतात हे खरंच आहे. तो वाईट बोलला नाही.

आता लगेच म्हणू नका, की याला लोखंडाचं प्रेम आणि माणसांचा कंटाळा. इंजिनला जीव नसतो हे मला चांगलं कळतं; पिस्टन मी माझ्या हातांनी उपसून काढलेत. घरी रोज फोन करतो. मुलीच्या परीक्षा, आईच्या गोळ्या, सगळं मला माहीत असतं. पण बायको म्हणते, बोलताना तुझं लक्ष पंख्याच्या बेअरिंगकडे असतं, आणि ते खरं आहे. बेअरिंगला काय हवंय ते मला ऐकू येतं. तिला काय हवंय ते तिने तीनदा सांगितलं तरी मी चुकीचा स्पॅनर घेऊन हजर. टॅमला माणसांचं फार ऐकू यायचं, मला फार कमी येतं, पण अडचण दोघांची तीच : ऐकलेल्याचं करायचं काय. गोमटूला आत माणूस हवा होता, काळजी घ्यायला. टॅमला एकाच वेळी एकच आवाज हवा होता. दोघांची गरज एकमेकांत बसली. मला हे पळणं वाटत नाही.

बायको यावर रोम्युलन, म्हणजे शत्रूचं, जहाज काढते. टॅमने मनातल्या मनात गोमटूला सावध केलं आणि गोमटूने ते जहाज आतल्या माणसांसकट उडवलं. "एकच आवाज ऐकला की असं होतं," ती म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. बचाव म्हणून मी सांगतो की शेवटी गोमटूने एंटरप्राइझला ताऱ्यापासून लांब फेकून वाचवलं, त्याचंही काहीतरी धरा. ती म्हणते, धरलं.

मुलीने हा भाग यंदा पाहिला. तिचं मत : टॅमचं बरोबर, पण त्याने निदान डेटाला नीट सांगून जायला हवं होतं. मी म्हटलं, मी सांगून जातो. ती म्हणाली, "तुम्ही तारीख सांगता, बाबा."

पुढच्या कॉन्ट्रॅक्टचे कागद आलेत. सही अजून केलेली नाही. त्याचा या सगळ्याशी संबंध लावू नका, पगारावरून घासाघीस चालू आहे.